मुक्या जनावराची जबानी

तळोज्याची निळी कुत्री तुम्हाला आठवत असतील. ऑगस्ट २०१७ चा महिना. तळोजा एमआयडीसीच्या रस्त्यांवर निळ्या रंगाची कुत्री फिरताना लोकांनी पाहिली, फोटो निघाले, आणि आठवड्याभरात ती कुत्री आपल्या पनवेल तालुक्यातून निघून थेट परदेशच्या पेपरांत जाऊन पोचली. खायला मिळेल म्हणून ती कारखान्यांच्या आवारात आणि कासाडी नदीच्या पात्रात हिंडायची, तिथला रंग अंगाला लागायचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगाच्या एका कारखान्याला टाळं लावायला लावलं. पावसाने कुत्री धुऊन निघाली आणि विषयही धुऊन निघाला.

पण वाचकहो, त्याच कासाडीबद्दल आपले कोळी बांधव त्याआधी कैक वर्षं ओरडत होते. मासा मरतोय, जाळ्यात काही येत नाही, आलं तर त्याला वास येतो. अर्ज झाले, निवेदनं झाली, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. त्या कोळ्यांचा फोटो काही जगाच्या पेपरात आला नाही. माणूस बोलला तर कोणी ऐकलं नाही, आणि कुत्रं एक अक्षर न बोलता नुसतं निळं होऊन रस्त्यात उभं राहिलं तर सगळ्यांना ऐकू गेलं. हा न्याय उलटा आहे असं कोळी म्हणाले तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता निळं जनावर म्हटलं की आपल्याला पंचतंत्रातला कोल्हा आठवतो. गावातली कुत्री त्याच्या मागे लागतात, तो पळत पळत रंगाऱ्याच्या घरात शिरतो आणि निळीच्या पिंपात पडतो. बाहेर आला तो निळा. जंगलात जाऊन म्हणतो, मी तुमचा राजा. वाघ-सिंहसुद्धा त्याला मुजरा करतात. मग एके रात्री दूरवर कोल्हेकुई सुरू होते, ह्याला राहवत नाही, हाही सुरात सूर मिसळतो आणि तिथेच त्याचं राज्य संपतं, जीवही जातो. ही गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. पण विष्णुशर्म्याने ती नातवंडांसाठी सांगितलेली नाही. राजाची तीन ढ पोरं सहा महिन्यांत राज्य करायला शिकावीत म्हणून ही सगळी जनावरं त्याने कामाला लावली, असं पंचतंत्रातच म्हटलं आहे. म्हणजे हा राज्यकारभाराचा अभ्यासक्रम झाला. सरपंच, सदस्य, भाऊसाहेब यांनी वाचायचा. पोरांच्या कपाटात तो कसा गेला ते कळत नाही.

तळोज्याच्या कुत्र्यांना मात्र राजा व्हायचं नव्हतं. त्यांना भूक लागली होती. कोल्ह्याच्या गोष्टीत निळा रंग म्हणजे सत्तेचं सोंग; तळोज्यात निळा रंग म्हणजे निळा रंगच. जनावरांच्या गोष्टींत दोन जाती असतात, त्या इथे उघड होतात, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे. या पानावर खत, बियाणं, बाजारभाव वाचायची सवय असलेला एखादा म्हणेल की आज कथा-कादंबऱ्यांचं काय काढलं? काढलं ते कारणाशिवाय नाही. गोठा तुमचा, कोंडवाडा ग्रामपंचायतीचा, पंचनामा तलाठ्याचा. जनावराबद्दल रोज निर्णय घेणारे आपण, आणि जनावराच्या बाजूने लिहिलेली पुस्तकं वाचतो कोण, तर शहरातला फ्लॅटमधला वाचक, ज्याने आयुष्यात वेसण हातात धरलेली नाही.

मुखवटा आणि कातडी

पहिली जात मुखवट्याची. वरून जनावर, आत माणूस. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची ‘ॲनिमल फार्म’ १९४५ साली आली. एका शेतावरची जनावरं मालकाला हाकलून स्वतःचं राज्य आणतात आणि शेवटी डुकरं मालकापेक्षा वाईट निघतात. ती रशियातल्या सत्तेवरची टीका आहे हे सगळे सांगतात. पण त्यातला बॉक्सर नावाचा घोडा पाहा. हाडं मोडेस्तोवर राबतो, आणि राबणं संपलं त्या दिवशी त्याला खाटकाच्या गाडीत घालतात. मिळालेल्या पैशांतून डुकरं दारू आणतात. हे वाचताना शेतकऱ्याला रशिया आठवत नाही. आठवडी बाजारातल्या कडेच्या झाडाखाली उभी असलेली हाडकुळी जनावरं आठवतात.

दुसरी जात कातडीची. लेखक जनावराच्या कातडीत शिरायचा प्रयत्न करतो. हे फार अवघड काम आहे, आणि मराठीत ते व्यंकटेश माडगूळकरांनी करून दाखवलं. सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचा हा माणूस. पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांत त्यांनी पुष्कळ वर्षं काढली. ‘बनगरवाडी’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पण ‘सत्तांतर’ किती जणांनी वाचली? १९८२ साली आलेली ही छोटीशी कादंबरी वानरांची आहे. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. वानरांच्या टोळीत एक हुप्प्या असतो, माद्या असतात, पिलं असतात. बाहेरचे भुरटे नर टपून बसलेले असतात. एक दिवस ते चालून येतात, मारामारी होते, जुना नर हटतो, नवा येतो, आणि आल्यावर पहिलं काम काय करतो तर जुन्याची पिलं मारतो. हे लेखकाच्या मनातलं नाही. धारवाडजवळ सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकाने १९६० नंतरच्या वर्षांत आणि अबूच्या डोंगरावर सारा हर्डी या अमेरिकन बाईने १९७० नंतर वानरांच्या टोळ्या पाहून हेच नोंदवलं होतं.

नाव ‘सत्तांतर’ म्हटल्यावर लोकांनी त्यात दिल्ली-मुंबईचं राजकारण शोधलं. शोधू द्या. माझं मत असं की त्या पुस्तकाचा जोर तिथे नाही. तो आहे झाडाच्या शेंड्यावरून जग कसं दिसतं त्यात. कोकणातल्या ज्या शेतकऱ्याचा आंबा, काजू, नारळ वानर-माकडांनी ओरबाडला त्याला हे पुस्तक वाचून वानरांचं प्रेम येईल असं मी म्हणत नाही. यायचं कारणही नाही. पण एका टोळीची हद्द कुठे संपते, एकटा नर का हिंडतो, टोळी फुटली की नुकसान का वाढतं, हे प्रश्न त्याला सुचतील. आज आपण एवढंच म्हणतो, ‘माकडं आली.’ कोण आली, कुठून आली, का आली, याची चौकशी नाही. चोरीची फिर्याद लिहितानासुद्धा हवालदार याहून जास्त विचारतो.

ह्या दोन जाती ओळखायची एक साधी कसोटी सांगतो. गोष्टीतल्या बैलावर माशी बसते का ते पाहा. त्याला वास येतो का? पाऊस यायच्या आधी तो नाक वर करतो का? म्हैस असेल तर तिला दुपारी डबक्याची ओढ लागते का? (म्हशीला घाम फारसा येत नाही, अंग थंड ठेवायचं तर चिखल-पाणी लागतंच, हे तुम्हाला मी सांगायला नको.) बैलाला डोकं न वळवता दोन्ही अंगांनी पार मागपर्यंत दिसतं, पण अगदी नाकासमोरचं नीट दिसत नाही. ज्या गोष्टीत हे काहीच नाही आणि बैल नुसती भाषणं करतो, ती माणसाची गोष्ट आहे, झूल तेवढी बैलाची.

शाळेत आपण सगळ्यांनी तसला बैल लिहिलेला आहे. निबंधाचा विषय असायचा ‘म्हाताऱ्या बैलाचे मनोगत’. आणि आपला बैल काय म्हणायचा? माझा धनी फार प्रेमळ, त्याच्यासाठी मी आयुष्य वेचलं, आता मी थकलो तरी तक्रार नाही. दहापैकी सात मार्क. बैलाच्या तोंडून आपण आपलंच कौतुक करवून घेतलं आणि गुरुजींनी खाली सही केली. खांद्याला आलेली सूज, शेपटीची मोडलेली पेरं, पराणीची टोच, यातलं काही लिहिलं असतं तर मार्क गेले असते.

घोड्याने बदललेली वहिवाट

आता कोणी म्हणेल की गोष्टीने काय होतं? एक उदाहरण देतो. ॲना स्यूएल नावाची इंग्लंडमधली एक बाई, लहानपणी पाय दुखावलेला, त्यामुळे आयुष्यभर घोड्याच्या गाडीवर अवलंबून. तिने १८७७ साली ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहिलं. घोडा स्वतः आपली हकीकत सांगतो. कोणी कसं वागवलं, कोणत्या मालकाकडे चारा कसा होता, तबेल्यात हवा कशी होती. त्या काळी श्रीमंतांच्या गाड्यांना ऐट दिसावी म्हणून घोड्याची मान वर ताणून बांधायची पट्टी असे. मान खाली घालता येत नाही म्हणजे चढावर जोर लावता येत नाही, श्वास कोंडतो. हे घोड्याच्या तोंडून आलं तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं. पट्टीविरुद्ध आधीपासून चळवळ होती, तिला या पुस्तकाने बळ दिलं आणि पुढे ती फॅशन मागे पडली. बाईने पुस्तक लिहिलं होतं घोडेवाल्यांसाठी, मोतद्दारांसाठी. अमेरिकेत तर एका भूतदया संस्थेने १८९० पासून गाडीवानांना ते वाटायला सुरुवात केली. बाई मात्र पुस्तक आल्यावर पाच महिन्यांत वारली. आज तेच पुस्तक मुलांच्या विभागात मिळतं. म्हणजे हा रोग आपल्याकडचाच आहे असं नाही.

रशियाच्या टॉलस्टॉयचीही एक गोष्ट आहे, ‘खोल्स्तोमेर’, १८८६ साली छापून आलेली. एक म्हातारा, बांडा, खच्ची केलेला घोडा रात्री तबेल्यात बाकीच्या घोड्यांना आपली कहाणी सांगतो. त्याला एक गोष्ट उमगत नाही. माणसं ‘माझं’ म्हणतात म्हणजे काय? जो मला ‘माझा’ म्हणतो तो माझ्यावर बसत नाही, जो चारा घालतो तो दुसराच. जमीन ‘माझी’ म्हणणारा त्या जमिनीवर कधी पाऊल ठेवत नाही. हा प्रश्न घोड्याने विचारलाय म्हणून हसून सोडायचा, पण सातबारा हातात घेऊन एकदा वाचा. कब्जेदार सदरी नाव कोणाचं, कसतो कोण, आणि नांगराला कोण. शेवटच्याचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं.

आणि आपल्या हिंदीतले प्रेमचंद. त्यांची दोन बैलांची गोष्ट, हिरा आणि मोती, १९३१ च्या सुमाराची. धन्याचा मेहुणा त्यांना घेऊन जातो, मारतो, सुकं कडबाळ टाकतो. बैल पळून येतात. पुन्हा नेतात, पुन्हा पळतात, वाटेत कोणाच्या वाटाण्यात शिरतात आणि कोंडवाड्यात पडतात. तिथे घोडे, म्हशी, शेळ्या, गाढवं, कोणाच्याच पुढे चारा नाही. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी. आपल्याकडे कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांच्या वेळचा, १८७१ चा. कोंडलेल्या जनावराला चारा-पाणी द्यायची जबाबदारी त्यात लिहिलेली आहे. चाऱ्याचा खर्च मालकाकडून वसूल करायचा असतो. पण वसुलीची पावती फाटते तशी चाऱ्याची पेंढी सुटते का, ते ज्याचं त्याने आपल्या गावात पाहावं. प्रेमचंदांनी ते भिंतीच्या आतून पाहिलं. आपण बाहेरून कुलूप लावणारे.

पंचनाम्यात जनावर कुठे असतं

तलाठीभाऊसाहेब (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, तोंडात तलाठीच), ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, वनरक्षक, पशुवैद्यक, तुम्हाला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. तुम्ही स्वतः लेखक आहात. जनावरावर जितकं तुम्ही लिहिता तितकं कोणी कादंबरीकार लिहीत नाही. वीज पडून गाय मेली, पुरात म्हैस वाहून गेली, बिबट्याने शेळी नेली, की तुम्ही येता आणि पंचांसमक्ष लिहिता. ‘सदर जनावर अंदाजे वय वर्षे सहा, रंग तांबडा, शिंगे आखूड, मृतावस्थेत मिळून आले.’ जनावराच्या आयुष्यातला हा बहुतेक वेळा एकमेव सरकारी कागद.

ह्या कागदावर पैसे अवलंबून असतात. नैसर्गिक आपत्तीत दुभत्या गाई-म्हशीला ३७ हजार ५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२ हजार, शेळी-मेंढीला ४ हजार, हे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे दर. बाजारात चांगली म्हैस किती हजारांना पडते ते तुम्ही जाणता. म्हणून निदान जे मिळायचं ते तरी नीट मिळावं. पण पंचनाम्यातलं जनावर सुरू होतं तेच मुळी मेल्यावर. ते आधी कुठे बांधलं होतं, दावं तुटलं होतं की नव्हतं, गोठ्याला पाणी शिरायची वाट कुठली, जनावर कुठल्या बाजूला ओढ घेत होतं, याचा एक शब्द नसतो. छापील नमुन्यात रकाना नाही हे खरं. पण ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आपल्या जिल्ह्यावर आलं, पुढच्या वर्षी जुलैत महाडला पूर आला, तेव्हा कोणत्या गावात दावी कापून गुरं सोडली होती आणि कोणत्या गावात ती खुंट्याला बांधून राहिली, हे जर नोंदलेलं असतं तर पुढच्या वादळाच्या आधी दवंडी काय द्यायची हे आपल्याला कळलं असतं. जनावराच्या जागी उभं राहून विचार करणं म्हणजे हे. त्यात हळवेपणा कसला? कामाचीच गोष्ट आहे.

तमिळ लेखक पेरुमाल मुरुगन यांच्यावर २०१५ च्या सुरुवातीला त्यांच्या एका कादंबरीवरून इतका दबाव आला की आपल्यातला लेखक मेला असं त्यांनी जाहीर करून टाकलं. २०१६ साली मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर त्यांनी लिहिली ती एका काळ्या शेळीची गोष्ट, ‘पूनाच्ची’. माणसांवर लिहायची भीती, देवांवर लिहायची तर फारच. राहिली शेळी, असा त्यांचा हिशेब. त्या कादंबरीत एक सरकार आहे, ते प्रत्येक करडाची नोंद घेतं, कान टोचतं, रांगेत उभं करतं, आणि करडू कुठून आलं याचा जाब विचारतं. वाचताना आपल्याकडची आठवण आल्याशिवाय राहत नाही. गुरांच्या कानातला तो पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. १ जून २०२४ पासून बिल्ला नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही असा राज्याचा नियम. लसीकरण, रोगराई, चोरी, यांसाठी बिल्ला उपयोगाचा आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण बारा आकड्यांनी ते जनावर ओळखायला लागल्यावर ‘चारदाती, कपाळावर चांद, डाव्या शिंगाला मुरड’ ही भाषा दहा वर्षांत विसरली जाईल, हे लिहून ठेवा. ती भाषा दलालांची म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या भाषेत प्रत्येक बैल वेगळा असायचा.

बैलाच्या वतीने कोण बोलतं

शर्यतीचंच घ्या. आपल्या जिल्ह्यात हा जिव्हाळ्याचा विषय, अलिबागकडे तर समुद्राच्या वाळूत गाड्या पळतात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायदा बदलला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. ह्या नऊ वर्षांत बैलाच्या वतीने सगळे बोलले. एक म्हणाला, बैल हा धावण्यासाठी जन्मलेला नाही, त्याला यातना होतात. दुसरा म्हणाला, माझा बैल मैदान दिसलं की खुंटा उपटतो, त्याला पळायचंच असतं. दोघेही शपथेवर. बैलाने शपथपत्र दिलं नाही.

मला विचाराल तर दोघांनीही अर्धंच सांगितलं. शर्यतीच्या बैलाला घरच्या पोरापेक्षा चांगला खुराक मिळतो हे खोटं नाही. शेपूट चावणारे, खिळे लावणारे लोक होते हेही खोटं नाही. आणि शर्यतीत न चालणाऱ्या खोंडाचं काय होतं, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी फारसं काढलं नाही. तसंच म्हाताऱ्या बैलाचं. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. ती हवी की नको यावर भांडायला बरेच लोक आहेत. पण जो बैल विकता येत नाही, जोतायला उपयोगी नाही, आणि ज्याला दिवसाला पेंढ्या लागतात, तो शेतकऱ्याच्या दारात उभा राहून काय पाहतो? शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. मालक आज चारा टाकताना हात आखडता घेतोय हे त्याला कळतं. ही गोष्ट गोशाळेच्या पावतीपुस्तकात सापडत नाही, मोर्च्याच्या घोषणांतही नाही. ती एखाद्या लिहित्या शेतकऱ्यानेच लिहायला पाहिजे, कारण त्याने ते डोळे पाहिलेले आहेत.

अशीच एक न लिहिलेली कादंबरी आपल्या शेजारी पडून आहे. नवी मुंबई. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभा राहिला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. हा इतिहास तुम्हाला पाठ आहे. पण गोठ्याच्या बाजूने तो कोणी पाहिला? मोजणीदार आला, जमिनीची मोजणी झाली, झाडं मोजली, विहीर मोजली, घर मोजलं. बैल मोजण्याचं कारण नव्हतं, कारण बैल कोणी संपादन करत नव्हतं. भातखाचर गेलं की बैलाचं काम गेलं. गुरचरण सरकारी, त्याचा मोबदला मागायचा कोणी? आज ज्यांच्या इमारतींखाली दुकानं आहेत त्यांच्या आजोबांच्या दावणीला दोन-चार बैल, एखादी म्हैस असायचीच. ती जोडी कुठल्या बाजारात, कोणाला, किती रुपयांना गेली, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून गावठाणांत आहेत. मोबदल्याचा हिशेब त्यांना आकड्यांत आठवतो. बैलांचा नावांनी आठवतो. ते टिपून घेतलं पाहिजे, आणि लवकर.

त्या शहरात आता नव्या मुक्या रहिवाशांवरून वाद आहे. रोहित पक्षी, ज्याला शहरात फ्लेमिंगो म्हणतात. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये नेरूळच्या तळ्याजवळ पक्षी मेलेले सापडले. भरतीचं पाणी तळ्यात यायची वाट बुजली म्हणून ओरड झाली. त्याच २० मे रोजी घाटकोपरला विमानाची धडक बसून जवळजवळ चाळीस पक्षी एका रात्रीत गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पक्ष्याच्या बाजूने बोलायला शहरात लोक पुढे आले हे चांगलंच झालं. पण भरतीचं पाणी कुठल्या नाल्याने आत येतं आणि कुठल्या उघाडीतून बाहेर जातं, हे त्या पाणथळीत चार पिढ्या खारबंदिस्ती सांभाळलेल्या आगरी शेतकऱ्याला आणि खाडीतल्या कोळ्याला जास्त ठाऊक आहे. पक्ष्याची गोष्ट लिहायची तर त्याला विचारूनच लिहावी लागेल. वाटेत त्याचीही गोष्ट सांगून होईल. तळोज्यात निळ्या कुत्र्यांची बातमी झाली तेव्हा कोळ्याला विचारायचं राहून गेलं होतं.

तूर्त एक करता येईल. गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत, ‘ड’ वर्गाचं का होईना, शासनाचं अनुदान घेतात. पुस्तक खरेदीच्या यादीत कुठल्या प्रकाशकाचं काय येतं ते सदस्य वाचून पाहत नाहीत. यंदा पाहा. ‘सत्तांतर’ मागवा. मारुती चितमपल्लींची दोन-तीन पुस्तकं मागवा. त्या गोष्टी नाहीत, पण जनावर कसं पाहावं ते त्यांत कळतं. प्रेमचंदांची कथा मिळवून चावडीवर मोठ्याने वाचा, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, ज्याला अक्षर येत नाही तोही ऐकेल आणि मध्येच थांबवून सांगेल की बैल असं करत नाही किंवा असंच करतो. ते ऐकण्यासारखं असेल. ‘सत्तांतर’ जाडीला कमी, दोन रात्रींत वाचून होतं, म्हणून ग्रंथपाल ते बहुतेक बालविभागात लावतील. त्यांना आधीच सांगून ठेवा, पिलं मारण्याचा भाग आहे, पुस्तक मोठ्यांच्या कपाटात ठेवायचं आहे.